दुसरीच्या हाकेला ओ

माझी मावशी हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. इमारतीच्या तळघरात, वाफेनं भरलेली लांबट खोली. ओल्या चादरी एका बाजूनं गरम रुळात सारायच्या, दुसऱ्या बाजूनं कोरड्या निघाल्या की दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. हे काम तिनं लग्नाआधी धरलं आणि केस पांढरे होईपर्यंत सोडलं नाही. तिचे हात कायम गरम असायचे. मला लहानपणी ताप आला की आई तिला कपाळाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "हिचा हात लागला की ताप पोरीला आहे का हिला, तेच कळत नाही."

मावशी बोलायला फटकळ. पोटात एक आणि ओठात एक असं तिचं कधी नव्हतं. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसून ती मोठ्यानं गायची आणि हमखास बेसूर गायची. कुणी वळून बघितलं तर म्हणायची, "देव इतकी वर्षं ऐकून घेतोय, तुम्हाला काय झालं?"

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. दिसायला देखणे, हसतमुख, शीळ घालत जिना चढणारे. ते सगळ्यांनाच आवडायचे, मलाही. मावशीला तर इतके आवडायचे की त्यांचा गणवेशाचा शर्ट ती दुसऱ्या कुणाला धुवू द्यायची नाही.

ते घर सोडून गेले तेव्हा भांडण झालं नव्हतं. दुपारी जेवले, कामाची पिशवी घेतली, दारात बूट घालता घालता "येतो" म्हणाले आणि आले नाहीत. चार दिवसांनी त्यांच्याबरोबरचा एक ड्रायव्हर खाली मान घालून सांगून गेला. बस डेपोच्या कँटीनमध्ये चहा देणारी एक बाई होती. काका तिच्याकडे राहायला गेले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. ते तिला चिमणी म्हणायचे, एवढंच आम्हाला कळलं.

"निदान जातो तरी म्हणायचं होतं," मावशी म्हणाली. शेजारणी टोकायच्या, तेव्हा ती म्हणायची, "गाडी कुठं थांबवायची ते त्याला बरोबर कळायचं. स्वतःला कुठं थांबवायचं ते नाही कळलं." सगळ्या हसायच्या. तीही हसायची आणि मग घरात जाऊन दार लावून घ्यायची.

त्यांना एकच मुलगी, माझी मावसबहीण, बेबीताई. ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. शाळा सुटली की ती स्टॉपवर उभी राहून प्रत्येक बसच्या ड्रायव्हरकडे बघायची. आपला बाप कधीतरी या रस्त्यानं येईल, अशी तिला खात्री होती. आणि तो आला. स्टॉपवर ती एकटीच होती. तिनं हात केला. त्यांनी तिला पाहिलं, अगदी डोळ्याला डोळा भिडला, आणि बस न थांबवता ते पुढं निघून गेले. ती घरी येऊन काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत चालत जाऊ लागली. मावशीला ही गोष्ट कित्येक वर्षांनी कळली, बेबीताईचं लग्न झाल्यावर, असंच बोलता बोलता.

काकांनी काडीमोड मागितला नाही आणि मावशीनं दिला नाही. दिवस जात राहिले. बेबीताई शिक्षिका झाली आणि दोन गल्ल्या पलीकडं संसार करू लागली. तिला मुलगी झाली. मावशी आपल्या दोन खोल्यांत एकटी राहायची, पण रविवारी उपासना झाली की लेक, जावई, नात आणि मी, आम्ही सगळे तिच्याकडं जेवायला. ते तिचं सुख होतं, आणि ते पुरेसं होतं.

अशाच एका रविवारी जेवणं होऊन बेबीताईचं कुटुंब घरी गेलं होतं. मी भांडी पुसत होते. दार वाजलं. मावशीनं उघडलं. बाहेर एक बाई उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेली, कोट खांद्यांवरून घसरेल इतकी वाळलेली. मावशीनं तिला यापूर्वी एकदाच, तेही लांबून पाहिलं होतं. तरी तिनं लगेच ओळखलं, ही चिमणी.

"काय काम आहे?" मावशी म्हणाली. आत ये म्हणाली नाही.

"मी बसत नाही," ती म्हणाली. "बसले की उठवत नाही मला." मग तिनं सांगितलं. पोटात गाठ होती आणि ती सगळीकडं पसरली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. ते तिचं तिनं सोसलं असतं. पण काकांना विस्मरणाचा आजार झाला होता. सकाळी जेवले ते दुपारी आठवत नव्हतं. सपाता घालून ते रस्त्यावर जायचे आणि डेपो कुठं आहे म्हणून विचारत फिरायचे.

"माझ्या माघारी त्यांना वृद्धाश्रमात ठेवतील. मी बघून आले तिथं. अशा माणसांना खुर्चीला बांधतात. त्यांना बांधलेलं चालायचं नाही." ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. "तुम्हाला हे विचारायला मला तोंड नाही. पण दुसरं कुणीच नाही."

"तोंड नाही तर आलीस कशी?" मावशी म्हणाली आणि तिनं दार लावलं.

बराच वेळ ती दाराला पाठ लावून उभी होती. बाहेर पावलं हळूहळू उतरत होती. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. शेगडीवर चहाचं पाणी आटून भांडं करपल्याचा वास आला, तेव्हा कुठं ती हलली.

त्या दिवसांत पाळकसाहेब दर रविवारी प्रीतीवर बोलत होते. सगळ्या देणग्या संपतील, सगळं ज्ञान विरून जाईल, प्रीती तेवढी राहील, अशा अर्थाचं ते सांगत. वैऱ्यावरही करायची असते ती प्रीती. मावशीनं हे लहानपणापासून ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. पुढच्या रविवारी मात्र तिनं गाणं म्हटलं नाही. उपासना संपल्यावर पाळकसाहेब मागच्या खोलीत झगा काढत होते, तिथं ती गेली. मी तिच्या मागं होते.

"तुम्हाला एक विचारायचंय," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आपण बाहेर प्रेम म्हणतो आणि इथं आत आलो की प्रीती म्हणतो. ती काही वेगळी असते का?"

पाळकसाहेब तरुण होते. घाईघाईनं उत्तर देण्याची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी ते खुर्चीवर बसले. "मला वाटतं, प्रेम आपोआप होतं," ते म्हणाले. "प्रीती करावी लागते."

"म्हणजे मनातून त्याची चीड आली तरी चालतं?"

"चालतं असं नाही म्हणणार. पण चीड आहे म्हणून हात आखडायचे नाहीत, एवढं मला कळतं."

"तुम्ही केलीये कधी? अशी?"

"नाही, बाई," ते म्हणाले. "माझ्यावर वेळच नाही आली. मी नुसतं सांगतो."

मावशी परत येताना म्हणाली, "खरं बोलला बिचारा. खोटं बोलला असता तर मी सुटले असते."

आम्ही दोघी काकांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. काका खिडकीशी डोक्यावर ड्रायव्हरची टोपी घालून बसले होते. ते देखणेपण कुठं गेलं होतं कोण जाणे. पलंगाशेजारी जमिनीवर चिमणी पडली होती. काकांना उठवता उठवता ती स्वतःच खाली आली होती आणि तिला वर चढता येत नव्हतं. पलंगावरची चादर कित्येक दिवसांत बदललेली नव्हती. मावशीनं आधी ती चादर काढली. दुसरं काही सुचलंच नसेल तिला. चादर काढली, घडी घालून कोपऱ्यात ठेवली, आणि मग खाली वाकून त्या बाईच्या काखेत हात घातले.

तिनं दोघांनाही घरी आणलं. माझी आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, नवरा आणलास ते समजलं. पण सवतीलाही? हे विकतचं दुखणं कशाला?"

"तिला तिथं सोडून त्याला एकट्याला आणू?" मावशी म्हणाली. "तो रडेल की."

त्याच संध्याकाळी बेबीताई आली. ती दारातच उभी राहिली. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

"आई, तो या घरात राहणार असेल तर मी ही पायरी चढणार नाही."

"बाप आहे तुझा तो."

"बाप होता. त्यानं बस थांबवली नव्हती."

"बेबी, त्याला आता स्वतःचं नावसुद्धा धड आठवत नाही."

"मला आठवतंय ना," बेबीताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "चर्चमध्ये जे शिकलीस ते त्याच्यासाठी केलंस. माझ्यासाठी काय शिकलीस?"

बेबीताई जिना उतरून गेली आणि रविवारची जेवणं थांबली. नातीचा छोटा पेला फळीवर तसाच पालथा राहिला.

चिमणी फार दिवस काढणार नव्हती, हे दिसत होतं. मावशी तिला पुसायची, केस विंचरायची, कामाला जाताना शेजारणीला बसवून जायची. पहिले काही दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. पाणी हवं का, कूस बदलू का, एवढंच. एकदा मी तिला कोमट पाणी नेऊन दिलं तेव्हा चिमणी म्हणत होती, "तुम्ही मला एकदा तरी शिव्या घाला. मला बरं वाटेल."

"घातल्या की. तू इथं येण्याआधी. सगळ्या संपल्या," मावशी म्हणाली. तिनं फडकं पिळलं. मग नजर न उचलता विचारलं, "माझं नाव काढायचा का गं तो कधी? इतक्या वर्षांत?"

चिमणीला खोटं बोलता आलं असतं. मीसुद्धा दारात उभी राहून मनात म्हणत होते की बाई, बोल खोटं. पण ती छताकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात ओघळलं.

"राहू दे," मावशी म्हणाली आणि तिचे कान पुसले.

चिमणी गेली ती मावशीच्या हातावरच. तिच्या मागं रडायला फक्त काका होते, आणि त्यांना आपण कशासाठी रडतोय ते तासाभरात आठवेनासं झालं.

मग खरी परीक्षा सुरू झाली. काका विचारायचे, "चिमणी कुठंय?" मावशीला खोट्याचा तिटकारा, म्हणून ती सांगायची, "ती वारली." ते ऐकून ते असे कोसळायचे की बघवायचं नाही. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. थोड्या वेळानं पुन्हा, "चिमणी कुठंय?" आणि पुन्हा तोच हंबरडा. एका दुपारी असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा मावशी म्हणाली, "बाजारात गेलीये. येईल इतक्यात." काका शांत झाले. त्यानंतर चिमणी कायम बाजारातच असायची.

मावशीला ते बाई म्हणायचे. त्यांच्या लेखी ती कामाला ठेवलेली कुणीतरी होती. स्वभावानं मात्र ते गोडच राहिले होते. "बाई, दमलात का? बसा जरा," म्हणायचे. तिनं सूप भरवलं की चिमणीच्या गोष्टी सांगायचे. ती चहा देताना कपाला चमचा कसा वाजवायची, पावसात दोघं बसमध्येच कसे थांबून राहिले होते. मावशी ऐकायची.

एकदा मी तिथं असताना तिनं विचारलं, "आणि त्याआधी? आधी लग्न झालं होतं का तुमचं?"

काकांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, खिडकीकडं बघितलं. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही बाई. आधी कुणी नव्हतं."

तिनं पुढचा चमचा त्यांच्या तोंडात दिला. वाटी संपवली. हनुवटी पुसली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि नुसती उभी राहिली. मी मागून गेले. "मावशी, तो आजार बोलतोय," मी म्हणाले.

"आजारानं सगळंच नेलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं," ती म्हणाली. "तिचं सगळं ठेवलं आणि नेमकं माझंच नेलं." नळ वाहत होता. "मला वाटलं होतं, हात चालवायचे, मन बाजूला ठेवायचं. ते जमलं असतं गं. पण ते तोंड समोर आलं की माझं आतडं तुटतं. पाळकसाहेब म्हणाले ती प्रीती. तेवढीच असती तर निभावलं असतं. मला मेलीला अजून प्रेमही आहे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण मागं वळूनही बघितलं नाही.

पाळकसाहेब अधूनमधून यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा प्रार्थना करायला उभे राहिले आणि त्यांना शब्दच सुचेनात. मग ते बाह्या सारून भांडी घासायला लागले. नंतर नेहमी तेच करायचे. मंडळीत मावशीचा बोलबाला व्हायला लागला होता. उपदेशात तिच्याबद्दल सांगू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको. मला उदाहरण करू नका. उदाहरणाला रडता येत नाही." त्यांनी तिचं ऐकलं.

काका थंडीच्या शेवटी गेले. छातीत कफ झाला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता घरीच असू द्या. दुपारची वेळ होती, उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांवर आला होता. सकाळपासून ते गुंगीत होते. अचानक डोळे उघडून ते उठायची धडपड करू लागले.

"चिमणे," ते म्हणाले. "चिमणे, कुठंयस?"

"बाजारात गेलीये," मावशी म्हणाली. "येईल इतक्यात."

या वेळी ते शांत झाले नाहीत. त्यांना बहुधा कळलं होतं की आता वाट बघायला वेळ उरलेला नाही. त्यांचे हात हवेत काहीतरी शोधत होते, धाप लागत होती, आणि तेच नाव पुन्हा पुन्हा. मावशीनं माझ्याकडं एकदा बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"ओ," ती म्हणाली. "ही काय, इथंच आहे मी."

"आलीस?"

"आले."

"कुठं होतीस इतका वेळ?"

"उशीर झाला," ती म्हणाली. "आता नाही जात कुठं."

काका हसले. त्यांचं ते जुनं हसू मी किती वर्षांनी पाहिलं. त्यांनी तिचा हात आपल्या गालाखाली घेतला आणि तसेच पडून राहिले. ऊन पायांवरून भिंतीवर सरकेपर्यंत श्वास चालू होता. मग थांबला. मावशीनं हात काढला नाही. मी काढू गेले तर म्हणाली, "असू दे. झोपलाय."

पुरायचं कुठं, हे पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिच्याशेजारी. तिथं जागा आहे."

दफनभूमीत आम्ही मोजकीच माणसं होतो. डेपोतले दोन म्हातारे ड्रायव्हर, शेजारीण, आई, मी. पेटी खड्ड्यात उतरवली आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. तेव्हा मावशीनं मान वर केली. फाटकाबाहेर, भिंतीच्या कडेला बेबीताई उभी होती. मावशी कबरीपाशी थांबली नाही. प्रार्थना अर्धी राहिली असताना ती वळली आणि ओल्या मातीतून चालत फाटकापर्यंत गेली. पाळकसाहेब क्षणभर अडखळले आणि मग पुढं म्हणू लागले. आम्ही माती टाकली. ती बाहेरच होती, लेकीशेजारी, भिंतीला टेकून.

तिथं काय बोलणं झालं ते मावशीनं मला पुढं कधीतरी सांगितलं.

"आत येतेस?" तिनं विचारलं होतं.

"नाही."

"बरं. मग मी इथंच थांबते."

थोड्या वेळानं बेबीताईनं विचारलं, "शेवटी काही म्हणाला का? माझ्याबद्दल?"

"नाही," मावशी म्हणाली.

बेबीताई तेव्हा रडली. शाळेतल्या मुलीसारखी, तोंडावर हात धरून. मावशीनं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला तर ती बाजूला झाली, आणि एकटीच घरी गेली.

"हो म्हणायचं होतंस," मी मावशीला म्हणाले. "त्यांच्यासाठी खोटं बोललीस ना?"

"तो मरत होता," ती म्हणाली. "हिला जगायचंय. हिला मी खोट्यावर उभं करू?" आणि जरा थांबून, "मला तरी कुठं कळतंय बरोबर केलं का. पण त्या वेळी तिच्या तोंडाकडं बघून तेवढंच बोलता आलं."

आता मावशी कामावर जात नाही. बेबीताई अजून तिची पायरी चढत नाही. मावशी मात्र दर रविवारी उपासना झाली की तिच्याकडं जाते. पहिल्यांदा दार उघडलंच नाही. मग जावयानं उघडलं. मग बेबीताईनं, पण ती चहा ठेवून आतल्या खोलीत जायची आणि मावशी नातीशी बोलून परत यायची. मी एकदा तिला म्हणाले, "अशी किती दिवस जाणार? हे तुझ्या मनाला लागत नाही का?"

"लागतं," ती म्हणाली. "तिचं काय चुकलंय पण?"

गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले होते. बेबीताईनं तीन कप आणले आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर बसली. काकांचा विषय निघाला नाही. स्वयंपाकघराचं छत गळतंय, कुणाला सांगितलं तर तो येतच नाही, असं ती म्हणाली. मावशीनं विचारलं, कुठल्या बाजूनं गळतं. बेबीताईनं बोट करून दाखवलं. दोघी मान वर करून त्या ओल्या डागाकडं बघत बसल्या, आणि चहा गार होत गेला.